भिंतीवरची वाट

सन १९९८ च्या उपवासकाळातील पहिल्या शुक्रवारची गोष्ट. आमच्या चर्चची रंगरंगोटी नुकतीच पूर्ण झाली होती. भिंतींना फिकट पिवळा रंग, नव्या दिव्यांचा लख्ख उजेड आणि पुसूनपासून पुन्हा टांगलेली क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे. सारे कसे प्रसन्न दिसत होते. आई नेहमीप्रमाणे डाव्या भिंतीलगत, मधल्या खिडकीपाशी जाऊन बसली. ती तिची चाळीस वर्षांची जागा. भक्ती सुरू झाली. पहिले स्थान, दुसरे, तिसरे... फादरांनी चौथे स्थान पुकारले, तेव्हा सारे धर्मग्रामस्थ उजव्या भिंतीकडे वळून उभे होते. आई मात्र डाव्या भिंतीकडेच तोंड करून उभी राहिली आणि समोरचे चित्र पाहून तिचे ओठ थबकले.

बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "हे काय केलंय गं? माझी मारियामाता कुठं नेली?"

मी तिची समजूत घातली. चित्रे तीच आहेत, क्रमही तोच आहे, या खेपेस सुरुवात तेवढी उजव्या बाजूने केली आहे, असे सांगितले. त्यात काही गैरही झाले नव्हते. क्रूसाची वाट डावीकडून सुरू करावी की उजवीकडून, असा सार्वत्रिक नियम नाही. पण माझे सारे स्पष्टीकरण ऐकून घेऊन आई एवढेच म्हणाली, "तुला वाचता येतंय. तू चित्राखालचा आकडा बघशील. मी काय बघू?"

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवीत असे. नकाशा कसा वाचावा हे मुलांना सांगण्यात माझी उमेदीची वर्षे गेली होती. तरीही माझ्या आईपाशी एक नकाशा आहे, आणि तो नुकताच कुणीतरी उलटा टांगला आहे, हे त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आले नाही.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. पूर्वी चित्रे डाव्या भिंतीवर वेदीपासून दाराकडे एक ते सात आणि उजव्या भिंतीवर दारापासून वेदीकडे आठ ते चौदा अशी होती. डाव्या भिंतीच्या बरोबर मध्यावर चौथे स्थान येई. येशूची आणि त्याच्या आईची भेट. आई त्या चित्राखाली बसत असे. आता डावी भिंत शेवटच्या सात स्थानांकडे गेली होती आणि त्याच खिळ्यावर अकरावे स्थान आले होते. चाळीस वर्षे जिथे माय-लेकरांची भेट होत असे, तिथे आता लेकराला क्रुसावर खिळीत होते. आईचे ओठ का थबकले, ते मला कळले.

*

आई १९५६ साली लग्न होऊन विठ्ठलवाडीला आली. आज अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील एका खेड्यातून. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला होते आणि विठ्ठलवाडी स्थानकाजवळ, उल्हासनगरच्या हद्दीलगत त्यांनी भाड्याने खोली घेतली होती. शाळेचे तोंड न पाहिलेली एकवीस वर्षांची ती मुलगी ज्या वस्तीत येऊन पडली, ती वस्ती भल्याभल्यांना चकविणारी होती.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कल्याण कॅम्प उभारला गेला, तेव्हा इथे दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या गेल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख निर्वासितांना याच रिकाम्या छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. लष्कराची शिस्त ती. सारख्या मापाच्या, सारख्या तोंडाच्या बराकींच्या रांगा आणि त्यांना आकडे. पत्ता म्हणजे कॅम्प क्रमांक, सेक्शन क्रमांक, बराक क्रमांक. ज्याला आकडा वाचता येत नाही त्याला तिथे पत्ताच नाही.

पहिल्याच आठवड्यात बाजाराला गेलेली आई दोन तास हरवली. बाबांचे नाव घ्यायचे नाही, बराकींचे आकडे वाचता येत नाहीत, भाषा सिंधी. अखेर तिच्या गळ्यातील क्रूस पाहून एका सिंधी बाईने तिला चर्चपर्यंत आणून सोडले आणि तिथून ती घरी आली. त्या दिवसापासून चर्च तिच्या वस्तीचे केंद्र झाले. तिथून तिने एकेक वाट बांधीत नेली. पापड वाळत घातलेली कट्ट्याची बराक, तिथून कडुलिंब, लिंबाला वळसा घालून पाण्याचा नळ, नळाच्या पुढे शिंप्याच्या यंत्राचा आवाज, आणि मग आमची खोली. या खुणांत डोळ्यांबरोबर नाकाचा आणि कानाचाही वाटा होता. पुढे तो कडुलिंब तोडला गेला, तेव्हा कित्येक दिवस ती त्या वळणापाशी येऊन घटकाभर थांबे.

तिच्यासारख्यांसाठी या देशाने चित्रांची भाषा करून ठेवली होती, हेही खरे. तिने पहिले मत १९५७ च्या निवडणुकीत दिले. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पेटीवर चिन्ह असे. नाव वाचता आले नाही, तरी बैलजोडी ओळखता येई. मुंबईचे डबेवालेही डब्यावरील रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या खुणांवर हजारो डबे रोज अचूक पोचवीत आले आहेत. लांबलचक पत्त्यापेक्षा झाकणावरची खूण चटकन ध्यानी येते. चित्रे किती टिकतात याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ साली लायनेल स्टँडिंग या मानसशास्त्रज्ञाने लोकांना काही दिवसांत दहा हजार चित्रे दाखविली. पुढे त्यांतले ओळखीचे कोणते असे विचारले, तेव्हा सुमारे ८३ टक्के चित्रे त्यांना ओळखू आली. शब्दांच्या बाबतीत आपली स्मृती इतकी उदार नसते.

पण चित्रांनाही एक अडचण आहे. सारखी चित्रे एकमेकांत मिसळतात. क्रूसाच्या वाटेत येशू तीनदा पडतो. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी. तिन्ही चित्रे जवळपास सारखीच. आई ती कशी वेगळी ठेवीत असे? पहिले पडणे खिडकीच्या अलीकडचे, दुसरे दारापाशी चपलांच्या बाजूचे, तिसरे समोरच्या भिंतीवर बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळचे. चित्र तिला प्रसंग सांगे आणि जागा तिला क्रम सांगे. जागा बदलल्या आणि तिची तिन्ही पडणी एक होऊन गेली.

*

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली एक निबंध लिहिला. भूलभुलैयात फिरणारे उंदीर डावी-उजवी वळणेच पाठ करीत नाहीत, तर त्यांच्या मनात जागेचा एक आराखडा तयार होतो, असे त्यांनी त्यात मांडले. १९७१ साली जॉन ओ'कीफ यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी आढळल्या, की ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला म्हणजेच जाग्या होतात. २००५ च्या सुमारास नॉर्वेतील मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या दांपत्याने जागेचे जणू चौकटीत मोजमाप ठेवणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या भागात हा नकाशा असतो, त्याच भागाचा आपल्या आयुष्यातील प्रसंग स्मरणात ठेवण्याशीही निकटचा संबंध आहे. कुठे आणि काय ही दोन्ही शेजारीशेजारी नांदतात. म्हणूनच एखादा प्रसंग आठवताना आपण आधी 'आपण कुठे बसलो होतो बरे' असे म्हणतो.

मात्र मनातील नकाशा कागदावरच्या नकाशासारखा नसतो. केव्हिन लिंच या नगररचनाकाराने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले, की माणसे शहर पाच गोष्टींनी लक्षात ठेवतात. वाटा, कडा, विभाग, मोक्याचे चौक आणि ठळक खुणा. अंतरे व दिशा यांच्याबाबत मन बरेच सैल असते. वाकडे ते सरळ करते, तिरके ते उभे करते. वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावे. पणजी समुद्रकाठी आणि पुणे घाटावर, तेव्हा पणजी पुण्याच्या पश्चिमेस असणार, असेच आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. आपला पश्चिम किनारा दक्षिणेकडे जाताना पूर्वेला झुकतो, हे मन सोयीस्करपणे विसरते.

आमच्या विठ्ठलवाडीचेही तसेच आहे. लोकलच्या डब्यातील रेषांच्या नकाशात कल्याणपासून दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर शहाड, दुसऱ्यावर विठ्ठलवाडी. नकाशा पाहून नवखा मनुष्य शहाडहून विठ्ठलवाडीला यायचे तर कल्याणला जाऊन गाडी बदलतो. दोन्ही स्थानकांच्या मधोमध उल्हासनगर पसरले आहे आणि रिक्षाने तिथून थोडक्यात येता येते, हे त्या रेषा सांगत नाहीत. लंडनच्या भुयारी रेल्वेचा असा सरळ रेषांचा नकाशा हॅरी बेक यांनी केला आणि १९३३ साली तो लोकांच्या हाती आला. पुढे जगभर त्याचेच अनुकरण झाले. तो लक्षात राहतो, कारण त्यात जे नको ते गाळले आहे. पण गाळलेले जगातून नाहीसे होत नाही. हा धडा मला पुस्तकाने शिकविला नाही, वालधुनीने शिकविला.

*

वालधुनी ही अंबरनाथकडील डोंगरातून निघणारी छोटी नदी. अंबरनाथच्या हजार वर्षांच्या जुन्या शिवमंदिरापाशी वाहत ती उल्हासनगर, विठ्ठलवाडी असे करीत कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. आई आली तेव्हा बायका तिच्यात धुणे धूत. पुढे सांडपाण्याने तिचा रंग गेला, काठावर घरे झाली आणि आमच्या तोंडी ती नाला झाली. एकदा नाला म्हटले की मनाच्या नकाशातून नदी पुसली जाते. मी वर्गात गोदावरी, भीमा, कोयना भरून घेई. आमच्या घरामागून एक नदी जाते, हे मी मुलांना कधी सांगितले नाही.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. उल्हास आणि वालधुनीच्या काठची आमची शहरेही त्या दिवशी पाण्यात गेली. शाळा लवकर सुटून मी घरी आले, तेव्हा समोरच्या रस्त्यावर घोटाभर पाणी होते. बाबा जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. घरात आई आणि मी. मी विचार केला, पाणी रस्त्यावरून म्हणजे समोरून येणार. मागची खोली एक पायरी उंच. मी ट्रंक, कागदपत्रे, बाबांचे फोटो, सारे मागच्या खोलीत नेऊन ठेवले.

आई खाटेवरून पाहत होती. ती म्हणाली, "आगं, तिकडं नको नेऊ. पाणी मागून येईल. मागं लवण हाये."

"आई, मागे भिंत आहे. आणि मागची खोली उंच आहे."

"भिंत आत्ता झाली. लवण आधीचं हाये."

मी ऐकले नाही. मला घराचा नकाशा ठाऊक होता, तिला जमिनीचा ठाऊक होता. सहाच्या सुमारास मागच्या मोरीतून पाणी उसळून वर आले आणि पाहता पाहता मागची खोली आधी भरली. मी आईला उचलून शेजाऱ्यांच्या माळ्यावर नेले. आम्ही दोघी वाचलो, हीच देवाची कृपा. तिसऱ्या दिवशी चिखल उपसला, तेव्हा ट्रंकेतील फोटोंचे लगदे हाती आले. बाबांचे फोटो एवढेच होते, आणि लग्नातला तो एकुलता एक जोडीचा फोटोही त्यांतच होता.

आई मला एका शब्दानेही बोलली नाही. त्याने मला अधिक लागले. पुढे एकदा मीच क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, "त्येंचा चेहरा आता नीट डोळ्यापुढं येत न्हाई. पर ड्यूटीवरून आल्यावर कुठं उभं ऱ्हायचे, ते दिसतंय." आणि तिने दाराच्या डाव्या चौकटीकडे बोट केले.

*

त्या वर्षीपासून मी शिकविण्याची रीत बदलली. जूनमध्ये भिंतीवर नकाशा टांगण्याआधी मी मुलांना कोरा कागद देई आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगे. मुले वडापावची गाडी शाळेपेक्षा मोठी काढीत. मी हसत नसे. मग विचारी, पाऊस पडला तर या वाटेवरचे पाणी कुठे जाते? वर्ग गप्प होई. दुसऱ्या दिवशी मुले घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून येत आणि कागदावर एक निळी रेघ वाढे. तेव्हा कुठे मी वालधुनी, मग उल्हास, मग कोकणातल्या नद्या, असे बाहेर जाई.

दुसरी सवय लावली ती झाकून काढण्याची. नकाशा नुसता टक लावून पाहिल्याने आपल्याला तो आला असे वाटते, पण येत नाही. पाहा, मिटा, काढा, पुन्हा उघडून चूक शोधा. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली असे प्रसिद्ध केले, की एखादा शब्द पुनःपुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो अधिक लक्षात राहतो. चित्र चांगले असावे लागत नाही. हात, डोळा आणि अर्थ यांची गाठ पडावी लागते.

आपल्या ख्रिस्तसभेला हे फार पूर्वीच उमगले होते, असे मला वाटते. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेच्या बिशपांनी चर्चमधील चित्रे फोडली, तेव्हा पोप महान ग्रेगरी यांनी त्यांना कळविले, की ज्यांना वाचता येत नाही ते चित्रांतून वाचतात. येशूसंघीय फादर मातेओ रिच्ची यांनी १५९६ च्या सुमारास चिनी भाषेत स्मरणविद्येवर पुस्तक लिहिले. मनात एक वास्तू उभारावी, तिच्या दालनांत लक्षात ठेवायच्या गोष्टींची चित्रे ठेवावीत आणि मग मनानेच त्यातून फिरावे, ही ती विद्या. याच रिच्चींनी १६०२ साली बीजिंग येथे जगाचा मोठा नकाशा सिद्ध केला, तेव्हा चीन कडेला न ठेवता मध्याजवळ येईल अशी मांडणी केली. पाहणाऱ्याने आधी स्वतःला शोधावे आणि मग जग पाहावे. मुलांना आधी घराची वाट काढायला लावताना मला त्यांची आठवण येई.

आणि क्रूसाची वाट तरी काय आहे? जे जेरुसलेमला जाऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी तिथला रस्ता घरी आणण्याची ती योजना. फ्रान्सिस्कन संन्यासी बंधूंनी ती भक्ती वाढविली. १७३१ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी स्थानांची संख्या चौदा अशी निश्चित केली आणि सर्वच चर्चमध्ये ती उभारण्यास वाट मोकळी करून दिली. नियमाने पाहू गेल्यास तिथे चौदा क्रूसच आवश्यक आहेत. चित्रे ही सोबत आहे. एका शहरातील रस्ता जगभरच्या भिंतींवर आला. बायाबापड्यांनी तो पायांनी, डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी पाठ केला. माझी आई जेरुसलेमला कधी गेली नाही, पण तिथली वाट तिला आमच्या बाजारइतकी ठाऊक होती.

*

२०११ पासून आईची स्मृती ढळू लागली. आधी नावे गेली, मग दिवस गेले. मला ती कधी बहीण समजे, कधी शाळेतील बाई. चर्चला नेणे थांबले. २०१३ च्या उपवासकाळात एका शुक्रवारी मी घरीच भक्तीचे पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागले. ती ऐकते आहे की नाही, कळत नव्हते. मी पहिले स्थान वाचले. तिने मान वळवून कपाटाकडे पाहिले. दुसरे वाचले, तिने कपाटाशेजारच्या कॅलेंडरकडे पाहिले. तिसऱ्याला दिव्याच्या बटणाकडे. चौथे स्थान येताच ती दाराच्या डाव्या चौकटीकडे पाहू लागली आणि तिचे ओठ हलले.

मी पुस्तक मिटून पाहत राहिले. मग पुढचे स्थान नुसते नावाने सांगितले आणि ती खिडकीकडे वळली. चौदाही स्थाने तिने या खोलीच्या भिंतींवर मांडली होती, क्रम न चुकता, डावीकडून उजवीकडे, चर्चच्या जुन्या मांडणीने. तिने हे केव्हा केले असेल? १९९८ साली चित्रे फिरली, त्याच वर्षी बहुधा. मी तिला आकडे वाचायला शिकवीन असे तेव्हा ठरविले होते आणि ते राहून गेले होते. तिने माझी वाट पाहिली नव्हती.

आई २०१४ च्या नोव्हेंबरात देवाघरी गेली. चर्चमधील चित्रे आजही उजव्या भिंतीपासूनच सुरू होतात आणि आताच्या मुलांना तीच वाट पाठ झाली आहे. निवृत्तीनंतर मी रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते. उपवासकाळात मुलांना कोरा कागद देते आणि क्रूसाची वाट आठवून काढायला सांगते. कुणी फुले काढतो, कुणी पंखे काढतो. मी कुणाचे चूक म्हणत नाही. कोणते चित्र कशाजवळ आहे तेवढे विचारते.

मी स्वतः मात्र शुक्रवारी डाव्या भिंतीलगत, मधल्या खिडकीपाशी बसते. चौथे स्थान पुकारले की सारे उजवीकडे वळतात. मीही वळते. पण आधी क्षणभर डावीकडे पाहून घेते.